पुन्हा भरलेले चाळीस कॅल्क्युलेटर

"चाळीस," मुंगी म्हणाली. शेवटचा कॅल्क्युलेटर ट्रॉलीच्या खणात ठेवून तिने टेबलावर डोकं टेकलं. "माझा अंगठा आता माझा राहिलेला नाही."

"पाचशे सतरा प्रोग्रॅम उडवले आपण आज," कारकून वहीत बघून म्हणाला. त्याला दिसेल ते लिहून ठेवायची खोड होती, म्हणून तर हे नाव पडलं होतं, जसं बारीक चणीमुळे मुंगीला तिचं.

"आकडा सांगू नकोस रे. ऐकून आणखी दमायला होतं," लांबू बाकावर आडवा होत म्हणाला. बाक संपला तरी त्याचे पाय संपत नव्हते.

सुट्टी लागून तीनच दिवस झाले होते आणि आठवीतली ही तीन मुलं गणिताच्या खोलीत येऊन बसली होती. शाळेकडे ग्राफ काढणारे चाळीस कॅल्क्युलेटर होते. मोठ्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना, अगदी शाळा सोडून गेलेल्यांनाही, ते उसने मिळत. नियम एकच होता. आत कोणी भरलेले प्रोग्रॅम सापडले, तर कॅल्क्युलेटर परीक्षेच्या दारातच काढून घेतला जाई. आणि वर्षभरात पोरांनी त्यांत काय काय भरून ठेवलं होतं! गेम होते, सूत्रं होती, वर्गातल्या मुलांना दिलेली नावं होती. मेमरी इतकी तुडुंब झाली होती की साधी रेघ काढायला सांगितली तरी मशीन 'मेमरी फुल्ल' म्हणून मोकळं होई.

सगळं एका झटक्यात पुसायची सोय होती, पण गणिताच्या सरांनी तिला बंदी घातली होती. तसं केलं तर परीक्षेला मंजूर असलेले शाळेचे दोन प्रोग्रॅमही गेले असते. म्हणून यादी उघडायची, एक नाव निवडायचं, डिलीट, 'नक्की?', 'हो', आणि पुन्हा पहिल्यापासून.

या कामासाठी मुंगीने आपणहून हात वर केला होता आणि दोघा मित्रांचेही हात धरून वर केले होते. का, ते तिने त्यांना सांगितलं नव्हतं. तिची ताई शनिवारी ही परीक्षा दुसऱ्यांदा देणार होती. गेल्या वर्षी सरावासाठी घरी आणलेल्या ताईच्या कॅल्क्युलेटरवर मुंगीने सापाचा गेम टाकला होता आणि काढायचा राहून गेला होता. दारात कॅल्क्युलेटर गेला. ताईने तीन तास हाताने ग्राफ काढले आणि चार मार्कांनी प्रवेश हुकला. तेव्हापासून ती सकाळी छापखान्यात कामाला जात होती आणि संध्याकाळी डोळे चोळत अभ्यास करत होती. वर्षभर मुंगी तिच्यासमोर जेवत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. तिला स्वतःची लाज वाटत होती.

गुरुवारी सकाळी मुंगीने सहज म्हणून पाच नंबरचा कॅल्क्युलेटर चालू केला. मेमरी फुल्ल. मग सहा. मग सात. सगळे चाळीस भरलेले.

"ये रे माझ्या मागल्या," लांबू पुटपुटला.

सर दारातून आत डोकावले. "झालं का काम?"

"सर, काल सगळे रिकामे केले होते. आज पुन्हा भरलेत."

"पुन्हा भरलेत? आपोआप?" सर हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "दिवसभर गेम खेळत बसायचं आणि मग अशा कथा सांगायच्या. शनिवारी हे तयार नसले तर शाळेचा एकही कॅल्क्युलेटर मी परीक्षेला पाठवणार नाही. दारात अपमान करून घ्यायची माझी तरी हौस फिटली आहे."

ते गेले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," लांबू म्हणाला.

"पण चोर आहे कोण?" कारकून म्हणाला. "किल्ली फक्त शिपाईकाकांकडे असते."

"काका चाळीस मशीनवर साप खेळत बसतात? त्यांना चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नाही," मुंगी म्हणाली. "चला, बसा. शोधायचं ते नंतर. आधी हे रिकामे करायचे."

पालथ्या घड्यावर पाणी घालावं तसं त्यांनी ते सगळं पुन्हा केलं. दुपारनंतर नुसते बटणांचे आवाज येत होते. कारकून मात्र दर मशीनची यादी उतरवून घेत होता. साडेचारला शेवटचे काही कॅल्क्युलेटर हातात घेऊन लांबू खिडकीत बसला आणि तिथेच त्याचा डोळा लागला. त्याला उठवून, ओढत घरी न्यावं लागलं.

शुक्रवारी सकाळी ट्रॉलीतले सगळे पुन्हा भरलेले होते. मुंगी खाली फरशीवरच बसली. "मला आता रडायचाही कंटाळा आलाय."

"ट्रॉलीत अडतीसच आहेत," कारकून म्हणाला. "दोन कुठे गेले?"

लांबूने ओशाळून खिडकीचा पडदा सारला. काल त्याच्या हातून राहिलेले दोन तिथे पडले होते. मुंगीने चालू करून पाहिले. दोन्ही रिकामे! फक्त शाळेचे दोन प्रोग्रॅम तेवढे जागेवर होते.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कारकुनाने घाईघाईने वही उलटली. "हे बघा. बुधवारी प्रत्येक मशीनमध्ये वेगवेगळी नावं होती. काल सगळ्या चाळिसांत एकच यादी, त्याच क्रमाने. आणि आजही तीच. म्हणजे हे कोणी एकेक करून भरत नाहीये. एकच जुनी कॉपी सगळ्यांत ओतली जातेय."

"आणि जे ट्रॉलीत नव्हते ते वाचले," मुंगी म्हणाली. ती उठून ट्रॉलीच्या मागे गेली. चार्जिंगच्या वायरीखेरीज एक जाड वायर भिंतीकडेने थेट सरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला गेली होती.

शिपाईकाका झाडू घेऊन आत आले. मुंगीने विचारलं, "काका, आम्ही गेल्यावर इथे कोण येतं हो?"

"सर येतात की. पाच वाजता, बॅकअप घ्यायला. अकरा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही माणूस. आले, बटण दाबलं, दिवा घालवला, गेले."

"कुठलं बटण?"

"ते डावीकडचं. बघायचंसुद्धा नाही, हात बसलाय त्यांचा. कॉम्प्युटर नवा बसवला बुधवारी, तुम्ही गेल्यावर, पण सर तेच."

मुंगीने कॉम्प्युटरचा पडदा नीट वाचला. दोन मोठी बटणं होती. उजवीकडे लिहिलं होतं 'कॅल्क्युलेटरकडून कॉपी घ्या'. डावीकडे लिहिलं होतं 'कॅल्क्युलेटरना कॉपी पाठवा'. जुन्या कॉम्प्युटरवर ती उलट बाजूंना असणार. सर रोज संध्याकाळी मोठ्या नेमाने मुलांच्या कामावर बोळा फिरवून घरी जात होते.

"जाऊन सांगूया सरांना," लांबू म्हणाला.

"आणि ते म्हणतील, आणखी एक कथा," मुंगी म्हणाली. "आपण सांगायचंच नाही. त्यांनाच करून दाखवू दे, आणि तेही मोठ्या बाईंसमोर."

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या बारा वाजता पाहणीला येणार होत्या. तोवर तिघांनी पहिले पाच कॅल्क्युलेटर रिकामे करून ट्रॉलीत लावले. बाई सर आणि शिपाईकाकांबरोबर आल्या, तेव्हा मुंगी अतिशय सोज्वळ चेहऱ्याने पुढे झाली.

"बाई, हे पाच रिकामे झालेत. तुम्ही बघता का?"

बाईंनी एकेक चालू करून पाहिला. "छान. पाचही रिकामे आहेत."

"सर, बॅकअप कसा घेतात ते आम्हाला दाखवाल? काका म्हणाले, अकरा वर्षांत तुमचा एक दिवस चुकला नाही."

सर खूश झाले. "शिकायला हवंच. शिस्त म्हणतात ती हीच." बाईंकडे बघत, बोलत बोलतच त्यांनी डावं बटण दाबलं. ट्रॉलीतून बारीक आवाज आले आणि थांबले.

"बाई, आता पुन्हा बघाल?" मुंगीने विचारलं.

बाईंनी एक नंबर चालू केला. मग दोन. मग चष्मा पुसून तीन. "सर, हे सगळे भरलेले आहेत."

सरांनी वाकून त्या बटणावरची अक्षरं पहिल्यांदाच वाचली. "हे कधीपासून असं आहे?"

"नवा आल्यापासून, सर," काका म्हणाले.

सर सावकाश सरळ झाले. मग मुलांकडे वळले. "मी तुम्हाला खोटं ठरवलं. खोटे तुम्ही नव्हता, गाफील मी होतो. चुकलं माझं."

"ते झालं," मोठ्या बाई पदर खोचत म्हणाल्या. "आता खुर्ची ओढा, सर. अडतीस आहेत आणि आपण सहा माणसं आहोत."

सहाव्या कॅल्क्युलेटरला सरांनी अंगठा झटकला. "आणि हे तुम्ही दोनदा केलंत?"

"पूर्ण दोनदा," कारकून म्हणाला. "आता तिसऱ्यांदा." सरांनी मान खाली घातली आणि डिलीट दाबलं. सूर्य मावळायच्या आत चाळीसही रिकामे झाले होते. या वेळी ते ट्रॉलीत न ठेवता बाईंनी आपल्या कपाटात ठेवले आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

शनिवारी परीक्षेच्या दारात तपासनीसाने ताईचा कॅल्क्युलेटर उघडून पाहिला, दोन वेळा पाहिला आणि तिच्या हातात परत दिला. ताई आत गेली. बाहेरच्या बाकावर बसून मुंगीने तीन तास काढले. कॅल्क्युलेटर वाटायला सरांबरोबर आलेल्या मोठ्या बाई परीक्षेला बसलेल्या मुलांच्या पालकांना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगत होत्या. "या तिघांनी शाळेची लाज राखली," असं त्या म्हणाल्या तेव्हा सरांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली. मुंगीच्या सोबतीला आलेले लांबू आणि कारकून फुलून गेले. मुंगीला मात्र ते नीट ऐकूही आलं नाही.

ताई बाहेर आली आणि तिच्याशेजारी टेकली. "गेला बरा. सगळे ग्राफ काढले."

"ताई, गेल्या वर्षीचा तो गेम मी टाकला होता."

"माहीत आहे."

"कसं?"

"दारातल्या माणसाने मला कॅल्क्युलेटरचा पडदा दाखवला ना. सगळ्यात जास्त गुण म्हणून तुझं नाव लिहिलेलं होतं, मुंगी."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहिली. नंतर राग गेला आणि सांगायचं राहूनच गेलं." ताईने तिचा तो सुजलेला अंगठा हातात घेऊन पाहिला. "बाईंनी मला आत जातानाच सांगितलं सगळं. तीन दिवस, तीन वेळा. वेडी आहेस तू."

मुंगीला खरं तर रडू यायला हवं होतं, पण तिला नुसती झोप आली. ताईच्या खांद्यावर डोकं ठेवताच ती गाढ झोपली. ताईने हलक्या आवाजात घरी फोन लावला आणि सांगितलं, "आई, आम्हाला यायला उशीर होईल. हिला उठवणार नाहीये मी."