चुरगळलेला कान

त्या दिवशी आमच्या मेंदूविकार विभागाच्या मोठ्या डॉक्टर मॅडम रजेवर होत्या म्हणून तो तपासणीला माझ्यासमोर आला, नाहीतर आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. देशाकडून रग्बी खेळलेला एवढा धिप्पाड माणूस, पण स्मरणशक्तीच्या चाचणीला अगदी अंग चोरून बसला होता.

मी पाच शब्द सांगितले. थोड्या वेळाने विचारले, तर त्याला दोनच आठवले. मी तसं लिहू लागले. तेवढ्यात तो डावा कान चोळत हसला. झटापटीत घासून घासून तो कान पार चुरगळला होता.

"पाचही सांगू?" त्याने सांगितलेसुद्धा.

"मग मघाशी?"

"जुनी सवय हो. मोसमाआधी आमची अशीच चाचणी व्हायची. मुद्दाम कमी गुण घ्यायचो... म्हणजे पुढे डोक्याला मार बसला तरी गुण तेवढेच. पुन्हा मैदानात."

"अकलेचे तारेच तोडलेत की."

"तुम्ही असतात रागवायला, तर—" तो थांबला. मी उगाच कागद सारखे करत राहिले.

मेंदूच्या तपासणीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. विसरणं खरं होतं आणि वाढणार होतं. त्याची केस मी मॅडमकडे दिली आणि त्याच्याबरोबर कॉफी प्यायला जाऊ लागले. माझा वाढदिवस विसरल्याचं सोंग त्याने दिवसभर वठवलं, पण कान चोळताना पकडला गेला. घराचा रस्ता खरोखरच चुकायचा तेव्हा मात्र त्याचे हात नुसते लोंबत असायचे. आई म्हणाली, डोळ्यांदेखत विहिरीत उडी कशाला मारतेस? माझं प्रेम होतं, बस.

एका रविवारी रिकाम्या मैदानाच्या बाकावर त्याने विचारलं, "लग्न करशील माझ्याशी? मला तू आठवतेस तोवर तरी..." मी हो म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण ओंजळीत तोंड लपवून रडला.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच बाकावर होतो. तो माझ्याकडे वळला.

"एक विचारायचं होतं... कसं विचारू कळत नाही. लग्न करशील माझ्याशी?"

"लबाडा," मी हसत त्याच्या कानाकडे पाहिलं.

त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

मी त्याच्या जवळ सरकले.

"हो," मी म्हणाले. "किती वेळ लावलास विचारायला."

आणि तो ओंजळीत तोंड लपवून रडला, मागच्या रविवारसारखाच.