गेव्याचा चीक

काळुरामच्या नातीला हळद लागली ते २०२३ चं साल. मांडवात सगळ्यांचे हात पिवळे असताना दिवा गावची कोळीण जनाबाई धावत आली. तिच्या लुगड्यावर रक्त होतं.

"काळुरामदादा, घरवाल्याला लोकांनी बांबूंनी फोडला! बोलतात, त्यानं कल्पिताबाईला मारलं."

काळुराम निवृत्त हवालदार. पुतणी प्राप्ती खासगी तपास करायची. दोघं तसेच निघाले.

झाडांची अभ्यासक कल्पिता खाडीच्या चिखलात पालथी पडली होती. मानेवर कोयत्याचे तीन घाव, तिसरा हाडात रुतलेला. कोयता जनाबाईच्या नवऱ्याच्या, गुणाजीच्या होडीतला. प्रेतावर ताज्या फांद्या टाकलेल्या. तुटल्या टोकांतून दुधासारखा चीक गळत होता.

काळुराम फांदी उचलायला वाकला.

"ए काका, गेवा आहे तो!" काठावरून भावेश ओरडला. शेजारची जमीन त्याची. "चीक डोळ्यात गेला की संपलं. माझा आजा पण तोंड फिरवून तोडायचा."

"तुला इथे भराव टाकायचाय ना?" प्राप्तीने विचारलं.

"टाकायचाय. लपवत नाय. म्हणून काय बाईचा गळा कापू?"

इस्पितळात गुणाजीचं डोकं पट्ट्यांनी बांधलं होतं. डोळे मात्र स्वच्छ होते.

"लोक म्हणतात, झाडांच्या नावांच्या पाट्यांवरून तुम्ही कल्पिताशी भांडलात?" प्राप्तीने विचारलं.

"भांडलो. बाई बोलायची, गावागणिक नाव बदलतं, पाटीवर शास्त्राचंच पायजे. मी बोललो, ते वाचून आमची पोरं झाड वळखतील काय? मग माझ्याच होडीतून आठ दिवस फिरली. काल बोलली, काका, तुम्ही सांगता ते झाडाचं नाव वर, शास्त्राचं खाली. आणि ऑफिसातली झाडांची यादी चुकीची, ती फाडायची."

कल्पिताचा सहकारी शौनक घोडबंदर रोडच्या ऑफिसात काळा चष्मा लावून बसला होता.

"डोळे आलेत. लांब बसा."

"कल्पिता पडली तिथे झाडं कुठली?"

"ॲव्हिसेनिया मरिना, म्हणजे तिवर. सगळी तिवरच. मी स्वतः मोजलीत."

बाहेर येताच काळुराम म्हणाला, "याला नावं तोंडपाठ आहेत गं. कोळ्यानंच रागात मारलं."

"काका, उद्या सगळ्यांना गुणाजीच्या खाटेपाशी बोलवा. फौजदारांनाही."

दुसऱ्या दिवशी प्राप्ती म्हणाली, "मारेकऱ्याने गेवा तोंड न फिरवता तोडला. गुणाजीकाका किंवा भावेश असं मेले तरी करणार नाहीत. शौनक, गेव्याचं शास्त्रीय नाव?"

"एक्सोकॅरिया अगॅलोका. चिकाने माणूस आंधळा होतो."

"कागदावर पाठ आहे. पण तुम्ही तिथे गेवा असताना तिवर सांगितलंत, कारण मोजणीसाठी खाडीत कधी उतरलाच नाहीत. यादी ऑफिसात बसून केलीत. कल्पिता ती फाडणार होती. गुणाजीकाकांवर आळ यावा म्हणून त्यांच्या होडीतल्या कोयत्याने तिला मारलंत आणि प्रेत झाकायला तिवर समजून गेव्याच्या फांद्या तोडल्यात. चष्मा काढा."

भावेशने चष्मा खेचला. पापण्या भाजल्यासारख्या सुजलेल्या, मनगटावर फोडच फोड.

शौनकने लोखंडी स्टूल प्राप्तीच्या डोक्यावर उगारलं. काळुरामची काठी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज साऱ्या वॉर्डाने ऐकला. शौनक गुरासारखा ओरडला आणि फौजदाराने त्याला जमिनीवर दाबलं.

"जने," गुणाजी पुटपुटला, "सुटलो ना गं?"

"सुटलात."

"मग पाटी लावा."

पाटी लागली. वर गेवा, खाली शास्त्राचं नाव.

कल्पिता १७ डिसेंबर २०२३ ला कोयत्याने मेली. गुणाजी लोकांच्या माराने २० डिसेंबरला पहाटे मेला.