दोन काळ्या थरांमधले शिंपले

उद्या सकाळी दहाला खाणवाले कड्याला सुरुंग लावणार होते, म्हणून संघमित्राला आजच तो थर गाठायचा होता. धुळ्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या बाईने एका हातभर पांढुरक्या थरापायी चार वर्षं शिंदखेड्याकडचे डोंगर पालथे घातले होते. त्याच्या खाली काळा पाषाण, वरही काळा पाषाण. लाव्हाच्या दोन लोटांच्या मधल्या काळात इथे तळं होतं आणि त्यातले शिंपले तिथेच दबून राहिले होते. ते हाती आले नाहीत, तर तिचा प्रबंध म्हणजे नुसती रद्दी.

सोबत एकटे नथ्थूनाना. विहिरी खोदण्यात हयात गेलेला माणूस. दोर बांधण्याआधी दगडावर हातोडी मारून कान लावायचा, हा त्यांचा नेम.

"थांबा ताई, दगडले इचारी लेऊ दे."

"मी बघितलाय नाना, अखंड खडक आहे. उन्हं उतरली, चला आता."

स्वतःच्या डोळ्यांवर केवढा तो भरवसा! शिकलेल्या बाईशी वाद कशाला, म्हणून नानांनी हातोडी कंबरेला खोचली. काठाजवळच्या एका काळ्या धोंड्याला दोर बांधून ते कड्यावरून उतरले.

अर्ध्या तासाने खालून आवाज आला, "सापडनं, ताई." दुसऱ्या दोरीला बांधलेली नमुन्यांची पिशवी ती वर ओढू लागली. दहा हात. पाच हात. तोच मागे काहीतरी करकरलं.

धोंडा सरकला होता! अखंड कसला, ओल्या तांबड्या मातीवर तो नुसता टेकलेला होता. नानांच्या वजनाने तो बोटबोट पुढे येत होता.

पिशवी आता तीनच हातांवर होती. तिने दोरी सोडून दिली.

"नाना, वर या! दगड निसटतोय!"

तिने टाचा फटीत रोवल्या. नानांचा दोर कंबरेमागून घेऊन आवळला. तळहात सोलले. धोंडा पुन्हा सरकला! नानांचं मुंडासं दिसलं. मग हात. मनगट धरून तिने त्यांना अंगावर ओढलं, दोर सोडून दोघं बाजूला कोसळले, आणि धोंडा दोरासकट दरीत गेला.

अंगावरची माती झटकत नाना म्हणाले, "गाडीमा दुसरा दोर शे. अंजनना झाडले बांधी परत उतरस मी."

तिला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं, आणि त्याचीच शरम वाटली. "नको नाना. चला घरी."

दुसऱ्या दिवशी दहाला ती नानांच्या ओट्यावर होती. धुरपदाबाईंनी, नानांच्या बायकोने, तिच्यापुढे ताट ठेवलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही. सुरुंगाचा आवाज आला. ओट्यावरची भांडी थरथरली. संघमित्राला रडू आवरेना.

"अक्का, माझ्या घाईपायी काल नाना गेले असते."

"माले ठाऊक शे," धुरपदाबाई म्हणाल्या. ताट त्यांनी आणखी जवळ सरकवलं. "आते जेव."