फुलकिड्याचे पंख

दामिनीनं मोबाइलमधला फोटो मोठा छापून मागितला, आणि शहाद्याच्या स्टुडिओतला तो तरुण बराच वेळ कागद उलटा-सुलटा धरून बघत राहिला. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "हाऊ ढग शे का?"

ढग कसला! म्हसावदच्या त्यांच्या मिरचीवरचा किडा होता तो, तिळाहून बारीक. शेतकी शिकलेली दामिनी महिनाभर वडिलांना, सुकलालभाऊंना, सांगत होती की पानं वरच्या बाजूला वळलीत, म्हणजे हा फुलकिडाच, कोळी किडीचं औषध मारू नका. पण ते ऐकतील तर शपथ. डोळ्यांनी दिसला तर मानीन, म्हणत होते. आता हा ढग त्यांना काय दाखवायचा, म्हणून ती हिरमुसली... आणि तेवढ्यात तिला हसूही आलं. मग तोही हसला. हेमकांत त्याचं नाव. हसताना तो आधी खाली बघायचा, मग हळूच वर.

त्याच्याकडे जुने कॅमेरेही विकायला असत; किडा नीट टिपायला दामिनीनं त्यातलाच एक घ्यायचं ठरवलं. कॅमेरा जुना चालेल, पण लेन्समध्ये काटकसर करू नका, असं त्यानं बजावलं आणि दोन लेन्स पुढ्यात ठेवल्या. एकीत अख्खा डोंगर मावायचा. दुसरी मुंगीच्या मिशांपर्यंत जायची. दामिनीला एकच झेपणार होती, आणि जीव दोन्हींत अडकला होता. किडा तिच्या कामाचा. पण गच्चीवरून दिसणारा सातपुडा तर लहानपणापासून तिचा.

तीन शनिवार ती दुकानात गेली आणि तीनदा ठरवल्याशिवायच परतली. लेन्सचा घोळ होताच, पण एकदा निवड झाली की शहाद्याला जायला निमित्त काय उरणार? हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा अर्धंच.

अखेर हेमकांत म्हणाला, रविवारी दोन्ही लेन्स तुमच्या शेतात आणतो, वापरून बघा आणि ठरवा. दुपारी त्याला तळोद्याला लग्नाचं काम होतं, तेव्हा निकाल त्याआधी लावायचा.

डिसेंबरची सकाळ होती. आई, सिंधुबाई, बांधावर मिरच्या निवडत बसली होती. हात मिरच्यांत, डोळे या दोघांवर. हेमकांतनं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, मोठा देखावा घेणारी लेन्स चढवली आणि बाजूला झाला. दामिनीनं डोळा लावला. पायाशी लाल मिरच्या, पुढे केळीच्या बागा, त्यापुढे धुकं आणि धुक्यावर सातपुडा... रोजचाच, तरी आज नव्यानं मांडल्यासारखा. पायाजवळच्या मिरचीचा देठही स्वच्छ आणि डोंगराची धारही स्वच्छ. ती कितीतरी वेळ डोळा काढीना.

मग दुसरी लेन्स. मिरचीचं पांढरं फूल, आणि त्यात तो ढगवाला किडा. पण उत्तरेचा वारा सुटला होता. फूल जरा हललं की सगळं धूसर. चार फोटो वाया गेले. तेव्हा हेमकांतनं अंगातलं जॅकेट काढलं, फुलाच्या पलीकडे गुडघ्यांवर बसला आणि ते दोन्ही हातांनी भिंतीसारखं धरलं. दोघांच्या मध्ये फक्त ते फूल.

"श्वास धरा," तो पुटपुटला.

तिनं धरला. तोही धरून होता, हे तिला जवळून कळत होतं.

तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. पाकळी सायीसारखी सुरकुतलेली. आत निळसर पुंकेसर, त्यावर परागाचे कण. आणि मधोमध तो — ज्याला ती दोन वर्षं शत्रू म्हणत आली, त्याच्या पंखांना झालर होती! केसाहून बारीक, नीट विंचरलेली. एवढ्याशा जिवाला इतकं कुणी नटवलं? तिचे डोळे भरून आले.

"इतला वरीस लगीननाच फोटो काढात मी... हाई कधी दखंच नही," हेमकांत म्हणाला. म्हणताना तो पडद्याकडे बघत नव्हता.

सुकलालभाऊंनी येऊन फोटो पाहिला. पुन्हा पाहिला. मग त्यांनी औषधाचा भरलेला पंप उचलला आणि खोपीत नेऊन ठेवला.

"हाईच ल्या," किड्याच्या लेन्सवर बोट ठेवत हेमकांत म्हणाला.

आणि डोंगर? तिनं विचारलं. त्यानं तीच लेन्स डोंगराकडे वळवली, डावीकडून उजवीकडे पाच फोटो घेतले आणि सांगितलं, हे पाच जोडले की झाला अख्खा सातपुडा, आणखी स्वच्छ. दुसरी लेन्स हवीच कशाला! हे सांगितलं नसतं, तर त्याला अजून चार शनिवार मिळाले असते. पण त्यानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याचा चेहरा पडला. तो डोंगराची लेन्स पिशवीत भरू लागला, उगाच हळूहळू.

आता नाही तर मग कधीच नाही. दामिनीनं कॅमेऱ्याला डोळा लावला. त्याच्याकडे बघून बोलणं जमलंच नसतं.

"पन वारा अडावाले एक मानूस लागस ना... तो ह्या लेन्सनासंगे भेटस का?"

पिशवीची चेन अर्ध्यात थांबली.

"भेटस," तो म्हणाला. "पन तो मंग परत देता येत नही."

तिनं कॅमेऱ्यावरून डोळा उचलला आणि पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे बघितलं.

"परत कोन देई ऱ्हायना?"