भोपळा, फ्रीज आणि ‘आपापला’ ग्रहावरचा पाहुणा

“हे सांगितलं तर कुणाचा म्हणून विश्वास बसणार नाही,” आबा खुर्चीतच मांडी ठोकत म्हणाले, “पण आपल्या या स्वयंपाकघरात, त्या खिडकीपाशी, परग्रहावरचा एक पाहुणा पोहे खाऊन गेलाय. लिंबू दोनदा मागून घेतलं त्यानं.”

“आबा, आत्ता नको हो!” केतकी वैतागून म्हणाली.

तिचं डोकं आधीच फिरलं होतं. समोर टेबलावर तिनं बनवलेलं वाद्य होतं आणि वाद्याशेजारी नवलोबा बसला होता. नवलोबा हे मुलांनी ठेवलेलं नाव. शाळेच्या भाषेत तो साम्यशोधक (नव्या वस्तूत जुन्या वस्तूंचं काय काय आलंय ते हुडकून काढणारं यंत्र). लोणच्याच्या बरणीएवढा, दोन गोल डोळ्यांचा, आणि बोलायला इतका सभ्य, की ऐकणाऱ्यानं दातओठ खावेत.

त्याचं असं झालं होतं. चंद्रावरच्या वस्तीकडे जाणाऱ्या पुढच्या यानातून मुलांनी बनवलेलं एक वाद्य पाठवायचं होतं, आणि तंबोऱ्या-सतारींचं गाव म्हणून तो मान मिरजेला मिळाला होता. त्या वस्तीत केतकीची आई होती. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला गेलेली, आणखी वर्षभर न येणारी. रविवारी पडद्यावर दिसली की तिची एकच तक्रार : “बाकी सगळं झकास आहे गं, पण या यंत्राची घूंऽऽ! जेवताना घूंऽऽ, झोपेत घूंऽऽ. डोकं उठतं नुसतं.”

केतकीला त्या घूंऽऽचंच काहीतरी करून आईला पाठवायचं होतं. पण निवड समितीची अट होती : वाद्य ‘संपूर्ण नवीन’ हवं. ते नवीन आहे की नाही हे नवलोबा ठरवणार. आणि वाद्यांच्या मेळ्याची नोंदणी आज संध्याकाळी बंद होणार.

“परत बघ,” केतकीनं त्याला दटावलं.

“आनंदानं,” नवलोबा म्हणाला. “भोपळा : तंबोऱ्यावरून. बारीक तारा : सतारीच्या तरफांवरून (मुख्य तारांखाली असलेल्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा). खुंट्या : सारंगीवरून. खालची बैठक : चकलीच्या सोऱ्यावरून. एकूण नवीन : शून्य. आपला दिवस शुभ जावो.”

“शुभ म्हणे! आबा, याला विहिरीत टाकू का?”

“विहिरीलाही साम्य सापडेल त्याला.”

ते खरंच होतं. काल तिनं चिडून त्याच्यापुढे एक वीट आणून ठेवली होती. “हे माझं वाद्य. वाजतच नाही. असं वाद्य कुणी केलंच नसेल. आता बोल!” नवलोबानं डोळे मिचकावले होते आणि शांतपणे सांगितलं होतं, “साम्य : वीट.”

“तो पाहुणा अगदी याच्याच वळणाचा होता बघ,” आबांनी आपलं घोडं पुन्हा पुढे दामटलं. आबा म्हणजे आईचे वडील. उभी हयात ध्वनिशास्त्र (आवाजाचा अभ्यास) शिकवण्यात घालवलेली, आणि उरलेला वेळ थापा मारण्यात. “त्याच्या ग्रहाचं नाव ‘आपापला’. तिथं कायदाच आहे : दुसऱ्याला सुचलेलं वापरायचं नाही. ज्याचं त्यानं शोधायचं.”

“छान. म्हणजे तिथं सगळेच शोधक.”

“सगळेच! प्रत्येक पोरानं आपला विस्तव आपण शोधायचा. तोवर कच्चं खायचं. मग चाक. कुणी पन्नाशीत चाकाशी पोचतो, कुणी नुसत्याच गोलापर्यंत. आणि चाकाला आस लागतो हे सुचेपर्यंत म्हातारा होऊन आटपतो. त्याचा मुलगा पुन्हा कच्च्या वांग्यापासून सुरुवात करतो.”

“आणि बोलायचे कसे?”

“प्रत्येकाची भाषा वेगळी. स्वतः बनवलेली. त्यामुळे भांडणं अजिबात नाहीत. कुणाला शिवी कळतच नाही.”

“मग तुम्हाला त्याचं बोलणं कसं कळलं?”

“खुणांनी,” आबा घाईघाईनं म्हणाले. “मध्ये बोलू नकोस गं. आता सांग, तंबोऱ्याला भोपळा कुठून आला?”

“मळ्यातून.”

“शहाणीच आहेस. अगं, आधी लोक वाळक्या भोपळ्यात पाणी ठेवायचे. कुणीतरी रिकाम्या भोपळ्यावर टिचकी मारली असेल, आवाज घुमला असेल. आपली पेटी घे. ती आली युरोपातून. तिकडे खुर्चीवर बसून पायानं भाता (हवा दाबून आत सोडणारी घडीची पिशवी) मारायचे. आपले लोक बसणार सतरंजीवर, पाय मांडीत अडकलेले. मग भाता गेला पेटीच्या पाठीवर आणि आला हाताशी.”

“म्हणजे चोरीच की.”

“तशीच्या तशी उचलून ‘ही माझीच’ म्हटलं असतं तर चोरी. यांनी कुठून आणली ते लपवलं नाही, आणि आपल्या बसण्यासारखी बदलून घेतली.”

“हे तुम्ही मला कशाला सांगताय? या बरणीला सांगा!” केतकीचा आवाज चढला. तिनं वाद्य उचललं आणि रागारागानं नेऊन फ्रीजवर ठेवलं.

तेवढ्यात फ्रीज सुरू झाला. घूंऽऽ.

आणि भोपळा गाऊ लागला. कुणी हात लावला नव्हता. आधी एक तार थरथरली, मग तिच्या शेजारची, आणि फ्रीजच्या त्या कंटाळवाण्या घरघरीतून एक लांबलचक, गोड सूर वर आला. चंद्रावरचं यंत्र घरी कुठून आणणार? म्हणून केतकीनं सरावापुरत्या तारा फ्रीजच्या सुराला लावल्या होत्या.

“अनुनाद (एका वस्तूच्या थरथरण्यानं, तिच्याशी सूर जुळलेली दुसरी वस्तू आपोआप थरथरू लागणं),” आबा पुटपुटले. पहिल्यांदाच त्यांना थाप सुचेना.

केतकी गर्रकन वळली. “नवलोबा, सतारीतल्या तरफा कशामुळे थरथरतात?”

“वरची मुख्य तार छेडल्यामुळे.”

“माझ्या वाद्यात मुख्य तार कुठे आहे?”

“आढळत नाही.”

“मग हे कोण वाजवतंय?”

नवलोबाचे डोळे फिरले. “फ्रीज.”

“फ्रीजनं वाजवलेला भोपळा आहे तुझ्या साठ्यात?”

“शोधतो... सापडत नाही. मात्र नियमाप्रमाणे मी सुटे भाग तपासतो.”

“अरे देवा! बरं, स्वतःला तपास. तुझे डोळे?”

“कॅमेऱ्यावरून.”

“ते तुझं ‘दिवस शुभ जावो’?”

“माणसांवरून.”

“तुझ्यात नवीन किती?”

नवलोबानं आपले भाग एकेक करून मोजले. “शून्य,” नवलोबा शेवटी म्हणाला. “तरीही मी आधी कुठेच नव्हतो. हे... गैरसोयीचं आहे. समितीला कळवू? भाग जुने, जोडणी नवी.”

“कळव! आणि कुणाकुणाचं घेतलंय तेही लिही. तंबोरेवाले, सतारवाले, सारंगीवाले आणि आजीचा सोऱ्या. काही लपवू नकोस.”

थोड्या वेळानं त्याच्या पोटात टिंग वाजलं. “समितीचं उत्तर : प्रवेश दिला. यापुढे जोडणीही तपासावी.”

यानात कुठलं वाद्य चढणार ते मेळ्यातच ठरायचं होतं. पण केतकीला आत्ताच दिसत होतं : आईची खोली, तिथली घूंऽऽ, आणि त्या घूंऽऽला लागलेला सूर. तिनं खुर्ची ओढली आणि कितीतरी दिवसांनी निवांत बसली.

“हं, आबा. मग त्या पाहुण्याचं काय झालं?”

आबा खुलले. “काय व्हायचंय! पोहे संपवले, हात धुतले, अंगणात लावलेलं स्वतःचं चकचकीत यान सुरू केलं आणि भुर्रऽऽ!”

“यान?”

“होय की. एकट्यानं बनवलेलं.”

केतकी ताडकन उठली. “आबा! चाकाला आस लावेपर्यंत जे म्हातारे होतात, ते यान कसं करतील? यानाला धातूवाले लागतात, इंधनवाले लागतात, आकडेमोडवाले लागतात, आणि त्या सगळ्यांच्या आधीचे लागतात! आई चंद्रावर पोचली ती कितीजणांची डोकी घेऊन! एकट्याचं यान आपल्या फाटकाबाहेरसुद्धा जायचं नाही. तो आलाच नव्हता. सगळं खोटं! आणि पोह्यांवर लिंबू दोनदा मागून घेतलं ना, ते मी, काल सकाळी!”