निघतानाची हाक

दयानंदला फिरायचा नाद आणि पुनमला बोलायचा, म्हणून यांचं जमलं, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. नांदेडात भाड्याच्या दोन खोल्या आणि दयानंदचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. सोमवारी दुकान बंद. सोमवार आला की पोळ्या आणि ठेचा बांधायचा, दोन वर्षांच्या मुग्धाला कडेवर घ्यायचं आणि एसटी धरायची. कंधारचा किल्ला झाला, सहस्रकुंड झालं, देगलूरचा बाजार झाला. दयानंद मोबाईलवर व्हिडिओ टिपून नेटवर टाकायचा आणि त्यात पुनम बोलायची. इथं नवी नवरी होऊन आले होते, ह्या पायरीवर माझी चप्पल तुटली आणि हे हसत बसले, असलं काहीबाही. लोकांना ते आवडायचं. व्हिडिओच्या शेवटी दुकानाचा नंबर यायचा.

एक गोष्ट मात्र पुनम होऊ द्यायची नाही. लेकीचं नाव व्हिडिओत घ्यायचं नाही. मुग्धा दिवस भरायच्या आधी झालेली, काचेच्या पेटीत ठेवलेली. त्या पेटीबाहेर उभं राहून राहून पुनमच्या मनाचा थारा जो गेला तो गेलाच. गालावर काळं बोट, दंडाला काळा दोरा, आणि कॅमेऱ्यापुढं नुसतं 'बाळ'.

"चेहरा बघू द्या लोकांना, नाव कळू द्यायचं न्हाई," ती म्हणायची.

"मग आधार कार्डावर बी बाळच लिहू का?" दयानंद हसायचा.

दुसरी सवय तिला आईनं लावलेली. आई हिमायतनगरची. लेकराला घेऊन कुठूनही निघताना मागं वळायचं आणि लेकराचं नाव घेऊन हाक मारायची, चल गं मुग्धा, घरी चल. लेकरू कडेवर असलं तरी मारायची. लेकराचा जीव खेळात रमतो, अंग घरी येतं आणि जीव तिथंच खेळत बसतो, असं आई सांगायची. पुनमनं ही हाक कधी चुकवली नाही. फक्त ती कॅमेरा बंद झाल्यावर, हळूच मारायची. मुग्धाला पण ते कळायला लागलं होतं. नावानं हाक आली की ती लांबवून "ओ…" म्हणायची, शाळेतली मोठी पोरगी हजेरी देते तशी. मग डावा अंगठा तोंडात घालून मान टाकायची. ते 'ओ' ऐकलं की पुनमला बरं वाटायचं.

त्या सोमवारी दयानंदनं किल्लारीकडचं एक जुनं गाव काढलं. भूकंपात गेलेलं. वाचलेली माणसं पुढं माळावर वसवली, जुनी जागा तशीच पडली.

"तिथं कशाला?" पुनम म्हणाली. "लोकं गेलीत तिथं."

"आपल्या जन्माआधीची गोष्ट हाय ती. उगं घाबरू नको."

लातूरहून दुसरी बस, मग जीप. जीपवाला रामलिंग रस्त्यावरच थांबला. "मी न्हाई येत आत. तुम्ही या जाऊन," म्हणाला आणि तंबाखू मळत बसला.

दुपारची वेळ. ऊन असं की नजर ठरेना. बाभळी माजलेल्या, दगडांचे ढीग, एका जागी नुसता उंबरा उभा. मागं घर नाही, पुढं अंगण नाही, मधेच उंबरा. एक जातं मातीत अर्धं गेलेलं. पाऊस होऊन महिने झाले होते, जमीन फुटलेली, तरी तिथं ओल्या मातीचा वास होता. नुकतंच मातीच्या धाब्याचं घर लिंपून काढावं तसा. पुनमनं दयानंदला विचारलं, तर त्याला काही वास येत नव्हता.

मुग्धा त्या उंबऱ्यापाशी खडे गोळा करत बसली. एक खडा आपल्यापुढं ठेवायची, एक समोर. समोर कुणी नव्हतं. पुनमला ते तेव्हा खेळच वाटलं.

निघताना कॅमेरा चालूच होता. दयानंद म्हणाला, "ती हाक मार की. तुझी आई सांगती ती. लोकांना आवडंल."

"कॅमेरा बंद करा मग मारते."

"मग लोकांना काय दाखवू? बाळ म्हण. नाव नको घेऊ."

पुनमला ते पटलं नाही, पण उन्हानं पोर लाल झाली होती, वाद घालायला वेळ नव्हता. तिनं मुग्धाला कडेवर घेतलं, त्या दगडांकडं तोंड केलं आणि म्हणाली, "चल गं बाळा, घरी चल."

"आवाज न्हाई आला. जोरानं."

"चल गं बाळा, घरी चल."

"मधेच उचकी लागली तुला. अजून एकदा."

तिसऱ्यांदा तिनं हाक मारली ती चांगली घुमली. बाभळीतली चिमण्यांची कलकल एकदम थांबली. कॅमेरा बंद झाल्यावर तिनं पुटपुटत मुग्धाचं नाव घेतलं. मुग्धानं "ओ…" केलं. पण ती आईकडं बघत नव्हती. पुनमच्या पदराच्या खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर बघत होती.

जीपजवळ आल्यावर रामलिंग उठला, दार उघडलं. "वहिनी, धाकटीला मांडीवर घ्या आन थोरलीला आत सरकवा, दार लागंना."

"थोरली कोण?"

रामलिंगनं परत एकदा आत बघितलं. मग जोर लावून दार ओढलं. किल्लारीला त्यानं भाडं हातात न घेता सीटवर ठेवायला लावलं.

नांदेडला आल्यावर सुरू झालं. मुग्धाला पंख्याचं फार वेड होतं. फिरता पंखा बघत हसत झोपायची. आता खोलीत पाठ टेकवली की ती स्लॅबकडं बघायची आणि ताठ व्हायची. रडायची नाही. नुसती बघायची, जसं काही वरून येणार आहे. मग हळूच उठायची, गोधडीचं टोक धरायची आणि ओढत दाराबाहेर, उघड्या ओट्यावर. तिथं डोळे मिटायचे. पुनम तिला आत आणायची, ती परत बाहेर. बिस्किट दिलं तर अर्धं मोडून शेजारी ठेवायची. ते अर्धं बिस्किट मुंग्याही खायच्या नाहीत. आणि खोलीत वास… ओल्या मातीचा.

"स्लॅब गळत असंल," दयानंद म्हणाला.

"उन्हाळ्यात?"

व्हिडिओ मात्र जोरात चालला. दयानंद खूश. पुनमनं तो एकदाच बघितला, हेडफोन लावून, भर दुपारी, दार उघडं ठेवून. तिसऱ्या हाकेनंतर चिमण्या थांबतात. मग अगदी बारीक, लांबून पळत आल्यासारखं, धापा टाकत… "आले…"

तिनं ते दयानंदला ऐकवलं. तो म्हणाला, "वारं हाय." पण त्या दिवसापासून तोही ओट्यावर झोपायला लागला, मुग्धाच्या बाजूला. विचारलं तर म्हणायचा, आत गरम होतंय.

मग फोन आला. दुकानाच्या नंबरवर. दयानंदनं तो पुनमकडं दिला, कारण पलीकडची बाई फक्त रडत होती.

"माय, मी केवळाबाई. त्याच गावची. आता नव्या गावात हाय." बाईनं नाक ओढलं. "तुझा व्हिडिओ नातवानं दाखवला. तू हाक मारलीस तवा जी आले म्हणली… ती माझी महानंदा हाय. चार वर्षांची व्हती. गणपतीचं इसर्जन बघून आली, दमली व्हती. मी पहाटं बाहीर गेलते, ती आत निजलेली. एवढंच."

पुनमनं फोन कानाला घट्ट दाबला.

"मी इतकी वर्षं तिथं जाऊन नावानं हाका मारल्या," केवळाबाई म्हणाली. "कधी ओ दिली न्हाई. तू नुसतं बाळ म्हणलीस आन आली बघ. रुसली आसंल माझ्यावर. मी एकलीच बाहीर गेलते ना… आणून सोड माय तिला. तुझं बी लेकरू सुटंल."

दोघं दुसऱ्याच दिवशी निघाले. दुकान बंद ठेवून. बसमध्ये मुग्धा खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि दयानंद मोबाईल खिशातून काढत नव्हता. पुनम एवढंच म्हणाली, "ह्या वेळेला टिपू नका काही."

"न्हाई गं," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "माझंच चुकलं. तू नको म्हणत व्हतीस."

तिनं त्याचा हात धरला. लग्नानंतर एसटीत तिनं त्याचा हात कधी धरला नव्हता.

किल्लारीहून पुढं परत रामलिंगचीच जीप मिळाली. केवळाबाईचं घर म्हणजे सरकारनं बांधून दिलेल्या दोन खोल्या. पण आत ज्वारीची पोती आणि एक रिकामी बाज. ती झोपायची पुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये, तिन्ही बाजूंनी उघड्या. "त्या दिवसापासनं पक्क्या छताखाली डोळा लागंना," म्हणाली. तिनं मुग्धाच्या गालावरून हात फिरवला. मग मुग्धाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की पुनमनं मान फिरवली.

"महानंदा. ये गं माय. आता न्हाई सोडून जात."

बराच वेळ काही झालं नाही. दिवस कलला होता. ओल्या मातीचा वास एकदम दाटला, इतका की दयानंदनं पण नाक धरलं. मुग्धाची मान पुनमच्या खांद्यावर पडली. पोर गाढ झोपली होती. केवळाबाई हात पुढं करून खाली बसली, कुणाला तरी मांडीवर घ्यावं तशी, आणि डोलायला लागली. डोळ्यांना धार लागली होती.

पुनम उठली. शेडाबाहेर आली आणि सवयीनं मागं वळली. हाक ओठांवर आली होती.

केवळाबाईनं तोंडावर बोट ठेवलं. "हळू जा माय… आत्ताच निजली."

पुनम थांबली. हाक मारली आणि ती परत उठून मागं आली तर? हाक म्हणजे हाक, एकदा चूक झालीच होती. आणि आपलं लेकरू तर खांद्यावरच आहे, जड, ऊबदार. तिनं तोंडाला पदर लावला, मुग्धाला घट्ट धरलं आणि हाक न मारताच जीपमध्ये जाऊन बसली. रामलिंगनं आरशात बघितलं. ह्या वेळी दार लगेच लागलं.

घरी आल्यावर वास गेला. मुग्धा दमलेली होती, आत खोलीत टाकली तिथंच पडून राहिली. दोन-तीन दिवस ती फारशी बोलली नाही, पण उठून बाहेरही गेली नाही. दयानंद म्हणाला, सुटली पोर. पुनमनं देवापुढं नारळ फोडला. दयानंदनं पुढच्या सोमवारी कुठं जायचं हे विचारायचं धाडसही केलं, आणि पुनम हसली. पोरीला नावानं हाक मात्र तिनं अजून मारली नव्हती. झोपेत आहे, दमली आहे, असं काहीतरी मनाशी म्हणत राहिली.

मग एका दुपारी लाईट गेलेली, पंखा थांबलेला, मुग्धा शेजारी पडलेली, आणि फोन वाजला. केवळाबाई.

"कशी हाय गं पोर?"

"बरी हाय मावशी. तुमची?"

"हाय की. दिवसभर मागं मागं असती माझ्या…" तिचा आवाज खाली आला. "पर माय, एक इचारू का? ती शेडात निजंना. आत जाती. छताखाली, बाजेवर. वर बघती आन हसती, पंखा दे म्हणल्यागत हात करती. माझी न्हाई गं तशी… आन अंगठा तोंडात आसतो तिच्या. डावा. माझी महानंदा कधीच…"

पुनमनं शेजारी बघितलं. मुग्धा उताणी पडली होती. दोन्ही हात गोधडीवर दाबून धरलेले, अंगठा कोरडा. डोळे उघडे, स्लॅबवर लागलेले. खोलीत ओल्या मातीचा वास हळूहळू भरत होता.

"मुग्धा…" पुनम म्हणाली. "मुग्धा… चल गं… घरी चल…"

शेजारच्या पोरीनं मान वळवली नाही.

फोनमधून, दूर घराच्या आतून, लांबवून, हजेरी द्यावी तसं आलं, "ओ…"

शेजारची पोर उठली. तिनं गोधडीचं टोक धरलं आणि ओढत दाराकडं निघाली. उंबऱ्यापाशी थांबून तिनं एकदा मागं वळून बघितलं, कुणीतरी आपल्यालाही नावानं बोलवेल म्हणून वाट बघावी तशी.