दार लावण्याआधीची हाक

ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे होते. पटली नाही तर सोडून द्या, मला वाद घालायचा नाही.

गेल्या पौषातली संध्याकाळ. मी जळगावला प्रोग्रामिंग करते. माझ्या मामांच्या, जीवराम नानांच्या, पाचोऱ्याजवळ केळी पिकवायच्या खोल्या आहेत. दार कॉम्प्युटरवरून बंद होतं आणि लगेच आत फळ पिकवणारा गॅस सुटतो. तो प्रोग्राम त्यांच्या मुलानं, तेजसनं लिहिला होता.

दार लावण्याआधी 'आत कुणी आहे का' अशी हाक मारायची, ही तिथली पद्धत. क्रेटच्या आडोशाला कधी कुणी टेकलेलं असतं, आणि बंद खोलीत माणूस गुदमरतो. तेजसनं ती हाक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती.

उन्हाळ्यात तेजस अपघातात गेला. आवाज मात्र स्पीकरवरून रोज यायचा.

"भूमिका, ती हाक काढी टाक," नाना म्हणाले. "माले आते सहन व्हत नही."

मी 'हाक' नावाचं फोल्डर काढून टाकलं. दाराची फाइल शेजारच्या त्या फोल्डरमधून हाक मागवायची, म्हणजे इम्पोर्ट करायची, ती ओळही पुसली. चहा होईपर्यंतचं काम.

प्रोग्राम चालवला.

एरर... 'हाक' सापडत नाही.

अगं बाई, मागवलीच नाही तर सापडेल कशाला?

चुकीच्या जागेवरून चालवलं की फाइलला आपलं घर कळत नाही. म्हणून बाहेरच्या फोल्डरमधून चालवलं. तीच एरर. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये तो शब्द शोधला. कुठेच नव्हता.

पुन्हा चालवला...

'हाक' सापडत नाही.

माझं डोकं तापलं. केळी भरून झाली होती, नाना घाई करत होते. चिडून मी स्पीकरची वायरच उपटली आणि परत चालवलं.

या वेळी एरर आली नाही. दार सरकू लागलं.

आणि खोलीतून आवाज आला...

"मझार कोनी शे का?"

तेजसचा.

वायर माझ्या हातात होती.

नानांनी धावत जाऊन दार अडवलं. मागच्या भिंतीशी, क्रेटच्या आड, कामावरच्या शेवंताबाई पडल्या होत्या. अंगात ताप, शुद्ध नाही. दार लागलं असतं तर... पुढचं लिहवत नाही. त्या वाचल्या.

हाक मी परत जोडली. नानांनीच सांगितलं.

परवा पुन्हा गेले होते. खोली मी स्वतः आत जाऊन पाहिली. केळी सोडून काही नव्हतं. हाक वाजली...

आतून उत्तर आलं, तेजसच्याच आवाजात.

"मी शे, नाना."

त्या खोलीचं दार नानांनी अजून लावू दिलेलं नाही. केळी तशीच हिरवी आहेत. दारात खुर्ची टाकून ते बसलेत, आणि त्यांना उठवायला माझे पाय पुढे होत नाहीत.